ऑर्केस्ट्रातली नदी कशी ऐकायची: गोष्ट सांगणाऱ्या पाश्चात्त्य संगीताची वाट

फ्रेंच संगीतकार बेर्लिओझची 'सिंफनी फँतास्तिक' ही ऑर्केस्ट्रासाठीची लांबलचक रचना मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिची छापील कथा मांडीवर घेऊन बसलो होतो. आता नायिका आली असणार, आता वादळ झालं असणार, असा हिशेब चालू होता. दहाव्या मिनिटाला आपण कुठल्या ओळीवर आहोत हेच कळेना. शाळेत धड्याच्या ओळीवर ठेवलेलं बोट घसरावं आणि नेमकं तेव्हाच बाईंनी पुढचं वाचायला सांगावं, तशी गत. संगीताकडे तर लक्षच नव्हतं.

पुढे बऱ्याच दिवसांनी उमगलं की मी ऑर्केस्ट्राकडून त्याला न जमणारी गोष्ट मागत होतो. व्हायोलिनला 'नदी' म्हणता येत नाही, ट्रॉम्बोनला 'फाशी' म्हणता येत नाही. पण झुळझुळणं, आपटणं, दबा धरणं, लांब जाणं, पसरत जाणं हे सगळं वाद्यांना येतं, आणि शब्दांपेक्षा चांगलं येतं. नाम शीर्षकातून येतं, क्रियापद वाद्यांतून. एवढं धरलं की या संगीताचं दार उघडतं. पुढची सगळी पद्धत त्यावरच बेतलेली आहे.

थोडी ओळख आधी. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या संगीतकारांना नुसत्या 'सिंफनी क्रमांक अमुक'वर समाधान वाटेना. कविता, नाटक, निसर्गदृश्य, स्वतःचं प्रेमप्रकरण, काहीही घेऊन ते गाण्याविना, शब्दांविना, फक्त वाद्यांतून उभं करायचं. श्रोत्यांच्या हातात त्याची माहिती देणारा कागद असे, त्याला 'प्रोग्रॅम' म्हणत, म्हणून हे 'प्रोग्रॅम म्युझिक'. एकाच भागाची, कथेवर बेतलेली रचना असेल तर 'सिंफॉनिक पोएम'. हे नाव फ्रान्झ लिस्टनं रूढ केलं आणि स्वतः अशा तेरा रचना केल्या.

पहिली पायरी: कान आणि जागा

हे लोकलमध्ये ऐकायचं संगीत नव्हे. त्यात कुजबुजीपासून गडगडाटापर्यंतचं अंतर फार मोठं असतं. प्रवासात हळू भाग ऐकूच येत नाहीत, म्हणून आवाज वाढवावा तर दोन मिनिटांनी कानठळ्या बसतात. मोबाइलच्या स्पीकरवर चेलो आणि डबल बास ही खर्जातली वाद्यं जवळजवळ गायब होतात. बरा हेडफोन घ्या, पंखा कमी करा. ॲपमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज एकसारखा ठेवणारी सेटिंग असेल तर ती बंद करा, कारण नदी जवळ आली की दूर गेली हे कानाला कळतं ते याच चढउतारातून.

दुसरी पायरी: एक छोटी रचना, आणि वहीत फक्त क्रियापदं

सुरुवात बेद्रिख स्मेतानाच्या 'व्ल्तावा'पासून करा. 'मोल्डाऊ' या जर्मन नावानंही ती सापडते. साधारण बारा-तेरा मिनिटांची आहे. व्ल्तावा ही चेक लोकांची नदी, प्रागमधून वाहणारी. 'माझा देश' अशा अर्थाच्या सहा सिंफॉनिक पोएमच्या मालिकेतली ही दुसरी.

पहिल्यांदा ऐकताना माहिती वाचू नका. कागद-पेन घ्या आणि सुचतील ती क्रियापदं लिहा: सरकतंय, उसळतंय, थबकलं, नाचतायत, विरलं. 'जंगल', 'राजवाडा' अशी नामं लिहायचा मोह होईल, तो आवरा. चार-पाच ठिकाणी क्रियापद अचानक बदलेल, तिथे घड्याळातली वेळ टिपून ठेवा. एवढंच काम. चुकण्यासारखं यात काही नाही.

तिसरी पायरी: आता नदीच्या काठाकाठानं

दुसऱ्यांदा ऐकताना मात्र हा मजकूर समोर ठेवा. स्मेतानानं स्वतः स्वरलिपीत प्रत्येक दृश्याला शीर्षक दिलं आहे, त्यामुळे इथे अंदाजपंचे काही नाही. वेळा मी देत नाही, रेकॉर्डिंगगणिक बदलतात. तुम्ही टिपलेल्या वेळाच वापरा.

सुरुवातीला एकच फ्लूट. लहान लहान स्वरांची अखंड लड, वर जाऊन परत खाली वळणारी. पाठोपाठ दुसरा फ्लूट त्यात मिसळतो. अधूनमधून व्हायोलिनच्या तारा बोटानं छेडलेल्या आणि हार्पचा एखादा स्वर: टप्, टप्. हा पहिला झरा. थोड्या वेळानं क्लॅरिनेट येतात, तो दुसरा. एक झरा थंड, एक कोमट, असं स्मेतानाच्या वर्णनात आहे. गंमत अशी की फ्लूट पाण्यासारखा वाजत नाही. पाण्याचा खराखुरा आवाज काढायचाच असता तर घंगाळात पाणी ओतून काम भागलं असतं. फ्लूट पाण्यासारखा *हलतो*. न थांबता, उताराला लागल्यासारखा, एकाचा श्वास संपायच्या आत दुसऱ्यानं ओघ उचललेला. तुमच्या वहीत इथे 'सरकतंय' किंवा 'घरंगळतंय' असेल तर रचना तुमच्यापर्यंत पोचली आहे.

मग ही लड व्हायोला, चेलोंकडे खाली उतरते आणि वर व्हायोलिन व ओबोवर (सनईसारखं पातीचं वाद्य) मुख्य धून येते. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला ती चटकन धरता येईल: खालच्या पंचमावरून षड्ज, मग रे, कोमल गंधार, मध्यम, पंचम अशी एकेक पायरी चढत जाते आणि तशीच उतरते. लाटेचाच आकार. खालची लड चालूच राहते. म्हणजे वर नदीचं रूप, खाली तिचं पाणी. या धुनेचं कूळ जुन्या युरोपीय लोकचालींत आहे, आणि इस्रायलच्या राष्ट्रगीताची चालही त्याच कुळातली. कोकणातून तिकडे गेलेल्या बेने इस्रायली घरांत कुणी हे लावलं तर पहिल्या मिनिटाला भुवया उंचावतील.

नंतर हॉर्न दणाणतात: रानातली शिकार. युरोपात शिकारी खरोखरच शिंग फुंकून एकमेकांना इशारे देत, त्यामुळे हॉर्नची अशी ललकारी ऐकली की तिथल्या श्रोत्याला रान दिसे. आपल्याकडे सनई वाजली की मांडव दिसतो, तसंच. पाण्याची लड मात्र खाली वाहतेच आहे, ती सोडू नका. नदीनं शिकार पाहिली आणि ती पुढे गेली.

आता ऐका, लड थांबते. तालाची चाल बदलून दोनाची होते आणि पोल्का हा चेक नाच सुरू होतो. काठावरच्या गावात लग्न. नाच हळूहळू मंद होत लांब जातो. लांब जाणं दाखवायला स्मेतानानं काही वेगळं केलेलं नाही: वाद्यं कमी केली, आवाज कमी केला, आणि ताल तेवढा उरवला. रात्री दुसऱ्या आळीतली वरात गावाबाहेर पडताना शेवटी फक्त ढोल ऐकू येतो, तसं.

चांदण्यात जलपऱ्या नाचतात तो भाग सगळ्यांत नाजूक. व्हायोलिनच्या घोडीवर म्यूट लावलेला असतो, त्यानं आवाजाची धार जाऊन तो धुकट होतो. सूर फार उंचावर आणि फार सावकाश, खाली फ्लूट-क्लॅरिनेटची झुळझुळ, बाजूला हार्प. इथे घडत काहीच नाही. पहिल्या खेपेला मला हा भाग कंटाळवाणा वाटला होता, हे सांगून टाकतो. त्याचं महत्त्व कळायला पुढचा धक्का बसावा लागतो.

कारण मुख्य धून परतते आणि लगेच 'सेंट जॉनचे खळाळ' सुरू होतात, म्हणजे नदी खडकांवरून उसळत जाते तो पट्टा. ब्रासची (पितळी) वाद्यं, टिम्पनी म्हणजे मोठे नगारे, झांजा, वरती पिकोलो या चिमुकल्या फ्लूटची किंकाळी. धुनेचे तुकडे होतात. एखादा तुकडा वर येतो, बुडतो, दुसरीकडे उगवतो. (हे खळाळ आता नकाशात शोधू नका. ते श्तेखोवित्से धरणाच्या पाण्याखाली गेले. कोयना-उजनीच्या राज्यातल्या वाचकाला यावर वेगळं काही सांगायला नको.)

आणि मग रचनेतली माझी सर्वांत आवडती जागा. खळाळ ओसरतात, नदी रुंद होऊन प्रागकडे निघते आणि तीच धून परत येते, पण कोमल गंधाराचा शुद्ध गंधार झालेला असतो. ढोबळ हिशेबानं फरक एवढाच. पाश्चात्त्य भाषेत मायनरचं मेजर झालं. पण इतका वेळ ही धून कोमल गंधारात ऐकलेल्या कानाला हा स्वर असा लागतो की घाटातून गाडी बाहेर पडावी आणि समोर सगळा सपाट, उजेडाचा प्रदेश यावा. हा बदल दोन-तीनदा मागे जाऊन ऐका. व्हिशेह्राद या प्रागच्या जुन्या गडाची धून मग थाटात येते. मालिकेच्या पहिल्या रचनेत तीच हार्पवर वाजलेली असते, म्हणून ज्यानं ती ऐकली आहे त्याला इथे ओळखीचं माणूस भेटतं. शेवटी नदी विरत विरत दूर जाते, आणि अगदी ऐकू येईनाशी झाल्यावर दोन दणदणीत ठोके. संपलं.

स्मेतानाला १८७४ च्या ऑक्टोबरात दोन्ही कानांनी ऐकू येईनासं झालं. 'व्ल्तावा' त्यानं त्यानंतर, २० नोव्हेंबर ते ८ डिसेंबर या अठरा-एकोणीस दिवसांत लिहिली. ४ एप्रिल १८७५ ला प्रागमध्ये ती पहिल्यांदा वाजली तेव्हा त्याला ऐकू येत नव्हतं. मी हे मुद्दाम शेवटी सांगतो. आधी कळलं की माणूस नदीऐवजी बहिरेपणच ऐकत बसतो.

रेकॉर्डिंग कुठलं, असं विचाराल तर राफाएल कुबेलिकनं चेक फिलहार्मोनिकबरोबर १२ मे १९९० रोजी प्रागमध्ये केलेलं. १९४८ मध्ये देश सोडलेला हा कंडक्टर ४२ वर्षांनी परतून तेच संगीत वाजवत होता. वादनात काही जागा याहून नेटक्या मिळतील दुसरीकडे, पण शेवटच्या गंधाराला असं वजन क्वचितच मिळतं.

चौथी पायरी: युक्त्या ओळखा

आता हत्यारांची पेटी उघडू. सोपी रचना: कामीय सँ-साँसची 'दान्स माकाब्र', म्हणजे मृतांचा नाच. १८७४ चीच, सात मिनिटांची. कथा तीन ओळींची: मध्यरात्री मृत्यू व्हायोलिन वाजवतो, सांगाडे थडग्यांतून उठून नाचतात, कोंबडा आरवला की पळतात.

यात चित्र उभं करण्याचे तीन मार्ग शेजारी शेजारी दिसतात. पहिला सरळ नकलेचा. हार्पवर एकच स्वर बारा वेळा: बाराचे टोल. लाकडी पट्ट्यांच्या झायलोफोनची खडखड म्हणजे हाडं. शेवटी ओबो आरवतो. हे लहान मुलालाही कळतं आणि म्हणूनच सगळ्यांत लवकर शिळं होतं.

दुसरा मार्ग संकेताचा. नाचाच्या मध्यावर एक चाल येते, ती 'दिएस इरे'ची: कॅथलिक अंत्यविधीच्या मिस्सेत गायली जाणारी, मध्ययुगापासून चालत आलेली लॅटिन चाल, कयामतीच्या दिवसाचं वर्णन करणारी. गोव्यातल्या जुन्या पिढीनं लॅटिन मिस्सा ऐकलेल्या असतील तर त्यांना ती अनोळखी नसेल. सँ-साँसनं तिचा चक्क मेजरमधला वॉल्ट्झ, म्हणजे तीनाच्या तालातला नाच, केला आहे. श्राद्धाच्या मंत्राला लावणीचा ठेका दिला तर सभागृहात जे होईल, ते पॅरिसच्या श्रोत्याला आतून झालं असणार. चाल माहीत नसेल तर मात्र तुमच्या कानाला तो फक्त एक बरा वॉल्ट्झ. संकेत आधी शिकावा लागतो. मल्हारात पाऊस ऐकायला आपणही असेच शिकलो आहोत, जर्मन माणसाला मियाँ मल्हार ऐकवला तर तो छत्री शोधणार नाही.

तिसरा मार्ग सगळ्यांत खोल: सूर स्वतःच बिघडवणं. व्हायोलिनच्या वरच्या दोन तारांत सा-पचं अंतर असतं. या रचनेत एकट्या वाजवणाऱ्या व्हायोलिनची सर्वांत वरची तार मुद्दाम अर्ध्या स्वरानं उतरवतात, म्हणजे पंचमाच्या जागी तीव्र मध्यम येतो. मृत्यू सुरुवातीला त्या दोन मोकळ्या तारा एकदम ओढतो आणि वाद्यच वाकडं लागलं आहे असं वाटतं. तंबोरा सा-तीव्र मला लावून बसा एकदा, अंगावर काटा का येतो ते पुस्तकाशिवाय समजेल.

पुढे काहीही ऐकताना हे तीन प्रश्न जवळ ठेवा. ही नक्कल आहे, संकेत आहे, की सुरा-लयीचीच हालचाल? बीथोव्हननं १८०८ च्या 'पास्टोरल' सिंफनीत तिन्ही वापरले आहेत. दुसऱ्या भागाच्या शेवटी नाइटिंगेल (फ्लूट), लावा (ओबो) आणि कोकिळेच्या कुळातली कुक्कू (क्लॅरिनेट) असे पक्षी नावानिशी येतात. तरी त्यानं वर टीप दिलीच होती की हे चित्रकामापेक्षा भावना व्यक्त करणं जास्त आहे. मला ती टीप थोडी बचावात्मक वाटते. वादळाच्या भागात त्यानं चित्र काढायचा आनंद भरपूर लुटला आहे.

पाचवी पायरी: एका धुनेचा पाठलाग

आता मांडीवरचा कागद परत घ्यायला हरकत नाही. एक्तोर बेर्लिओझ हा डॉक्टरचा मुलगा, वैद्यकी सोडून संगीतात आलेला. १८२७ मध्ये पॅरिसला 'हॅम्लेट'चा प्रयोग पाहताना ऑफिलियाचं काम करणाऱ्या आयरिश अभिनेत्री हॅरिएट स्मिथसनवर तो भाळला. ओळख नाही, पाळख नाही. त्या वेडातून ५ डिसेंबर १८३० ला 'सिंफनी फँतास्तिक' उभी राहिली. पाच भाग, पाऊण तासाहून जास्त. नायक एक कलावंत. प्रेयसीचा विचार त्याच्या मनात नेहमी एकाच धुनेच्या रूपात येतो.

सगळी सिंफनी एका बैठकीत ऐकू नका. आधी पहिल्या भागात ती धून शोधा, फ्लूट आणि व्हायोलिन मिळून वाजवतात, जवळजवळ साथीविना. लांब, अडखळत वर चढणारी, मधेच उसासा टाकणारी. गुणगुणता येईपर्यंत ऐका. मग प्रत्येक भागात फक्त तिला हुडकायचं, बाकी कानाआड करायचं. दुसऱ्या भागात नाचाच्या गर्दीत ती वॉल्ट्झच्या तालात दिसते. तिसऱ्यात रानात, अस्वस्थ बासच्या पार्श्वभूमीवर.

चौथ्या भागात नायकाला प्रेयसीच्या खुनासाठी वधस्तंभाकडे नेतात. (अफूच्या गुंगीतलं स्वप्न आहे हे.) मिरवणुकीचा गजर थांबतो आणि एकटी क्लॅरिनेट ती धून हळुवारपणे सुरू करते. चारच मापं, म्हणजे तालाची चार छोटी आवर्तनं. मग सगळा ऑर्केस्ट्रा एका ठोक्यात कोसळतो: पातं पडलं. आणि लगेच तारा छेडल्याचे दोन-तीन खाली घरंगळणारे स्वर, टप टप. मुंडकं टोपलीत. त्यावर ढोलांचा कडकडाट, गर्दीचा जल्लोष. ही नक्कल आहे खरी, पण पोटात गोळा येतो तो ठोक्यानं नव्हे. गेली तीस-चाळीस मिनिटं आपण ओळखीची केलेली ओळ अर्ध्यात तुटते म्हणून येतो. पाठलाग केला नसेल तर तिथे फक्त मोठा आवाज ऐकू येतो.

पाचव्या भागात, चेटकिणींच्या मेळ्यात, तीच धून आखूड, चिरक्या क्लॅरिनेटवर येते, मुरक्या-थरथरींनी लडबडलेली, वेडावून दाखवणारी. मागून घंटा, 'दिएस इरे', आणि शेवटाकडे व्हायोलिनवाले गजाची लाकडी बाजू तारांवर आपटतात, सांगाड्यांसारखी. स्वर बहुतेक तेच, माणूस दुसरं. बेर्लिओझनं १८३३ मध्ये स्मिथसनशी लग्न केलं. संसार टिकला नाही.

सहावी पायरी: छापील कथेवर जरा संशय

प्रत्येक प्रोग्रॅम आधी आणि संगीत नंतर, असं धरू नका. लिस्टचं 'ले प्रेल्यूद' लामार्तीन या फ्रेंच कवीच्या कवितेवरचं म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्यातलं बरंचसं संगीत दुसऱ्याच समूहगीतांच्या प्रस्तावनेसाठी जमलं होतं, कवितेचं नाव नंतर चिकटलं. जर्मन संगीतकार मेंडेल्सोननं स्कॉटलंडच्या प्रवासात तिथल्या बेटांवरच्या 'हेब्रिडीज' या रचनेची सुरुवातीची ओळ घरच्या पत्रात लिहून पाठवली ती ७ ऑगस्ट १८२९ ला. रचनेला जिचं दुसरं नाव मिळालं ती फिंगलची गुहा त्यानं पाहिली दुसऱ्या दिवशी. रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्हनं अरबी कथांवर बेतलेल्या 'शेहेरझाद'च्या चार भागांची कथानिदर्शक शीर्षकं पुढे काढूनच टाकली. चिपळूणकरांच्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' घरात असतील तर खुशाल काढा, पण कुठल्या पानावर कुठला सूर हे जुळवत बसू नका. बेर्लिओझनंही नंतर म्हटलं की सिंफनी स्वतंत्रपणे वाजवताना कागद वाटला नाही तरी चालेल, भागांची शीर्षकं पुरेत. मी मांडीवर कागद घेऊन घाम गाळत होतो, त्याच्या कितीतरी आधी.

सातवी पायरी: सभागृहात

मुंबईत २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, नरिमन पॉइंटच्या एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) मध्ये त्याचे हंगाम होतात. रोमँटिक काळातलं, म्हणजे याच एकोणिसाव्या शतकातलं, काही लागलं असेल तर एकदा तरी जा. पहिल्या रांगेचा हट्ट नको, तिथे व्हायोलिनच जास्त ऐकू येतात. मधली किंवा बाल्कनीची जागा स्वस्तही पडते आणि वरून झांजावाला केव्हा उठतो ते दिसतं. भागांच्या मधे टाळ्या वाजवायची पद्धत नाही. शंका असेल तर कंडक्टरचे हात पूर्ण खाली येईपर्यंत थांबा.

'फँतास्तिक' लागली असेल तर तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला मंचावरचा इंग्लिश हॉर्न (नावातच हॉर्न, आहे तो ओबोचा खर्जातला भाऊ) एक गुराख्याची शीळ वाजवेल आणि ओबो तिला उत्तर देईल. ओबोवाला मंचावर दिसणार नाही, तो आत विंगेत उभा असतो. लोक माना वळवून शोधतात, तुम्ही शोधू नका, अंतर ऐका. पंधरा-सोळा मिनिटांनी इंग्लिश हॉर्न पुन्हा तीच शीळ घालतो. या वेळी विंगेतून काही येत नाही. चार जण टिम्पनीवर अगदी हलक्या हातानं लांबचा गडगडाट वाजवतात, इंग्लिश हॉर्न पुन्हा विचारतो, पुन्हा गडगडाट.